उद्यानाचे फाटक बंद होते का?

‘ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय उद्यानावर आदिवासींचा पारंपरिक हक्क मान्य झाला, की ते इतरांना बंद होते’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. वस्तुतः १९९३ च्या कायद्यानुसार हा हक्क नव्याने बहाल होत नाही, तर पूर्वापार चालत आलेला असल्यास मान्य होतो. आणि उद्यानांत तो बहुधा अनन्य नसतो, म्हणजे शिकार, कंदमुळे, विधी यांची मुभा राहते, पर्यटकाला अडवण्याची नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाचा आणि त्याभोवतीच्या उद्यानाचा दाखला दिला जातो, तो खरे तर वेगळ्या, जमीनहक्काच्या कायद्याखालचा आहे. तिथेही १९८५ मध्ये मालकी मिळताच मूळ मालकांनी उद्यान ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे दिले. खडकावर चढण्यास मनाई आहे, पायथ्याची वाट मात्र खुली आहे. पडताळणीसाठी अशा पारंपरिक हक्कांवरील निकालांची ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक नोंदवही पाहावी. मान्य झालेला हक्क अनन्य आहे की नाही, हे तीत नमूद असते.