प्रोग्राम ठणठणीत, अडतो तो सेटअप

छापखान्यातला किंवा डीटीपी सेंटरमधला जुना पीसी कधीतरी दगा देतो. नवा येतो, त्यावर विंडोज ११ टाकलेलं असतं. मग कपाटातून जुन्या सीडी निघतात: पानं जुळवण्याचा पेजमेकर, मराठी फॉन्टचं पॅकेज, कुणीतरी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर. सेटअपवर डबल क्लिक केलं की पडद्यावर एक चौकट येते आणि हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही, असं सांगून मोकळी होते. पुढे काही करता येत नाही असं समजून लोक सीडी परत कपाटात ठेवतात.

इतक्या लवकर हार मानू नये, असं मला मनापासून वाटतं. १९९८ साली लिहिलेला ३२-बिट, म्हणजे एका वेळी ३२ बिटांचे आकडे हाताळणारा, प्रोग्राम आजच्या ६४-बिट विंडोजवर उत्तम चालू शकतो. व्हिज्युअल बेसिक ६ त्याच सालचं, आणि त्यातले प्रोग्राम चालवणारी मूळ फाइल मायक्रोसॉफ्ट आजही विंडोज ११ सोबत देतं. अडतो तो बहुतेक वेळा प्रोग्राम नाही. त्याला सीडीवरून डिस्कवर उतरवणारा इन्स्टॉलर अडतो. त्याच्या अडण्यामागची कारणं मोजकी आहेत आणि कळण्यासारखी आहेत.

पहिलं कारण तर डोळ्यांनी पाहता येतं. कुठलीही सेटअपची ईएक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. पहिली दोन अक्षरं ‘एम’ आणि ‘झेड’ दिसतील. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये फाइलचा हा आराखडा ठरवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं, आणि आजच्या प्रोग्राममध्येही ती तशीच आहेत. थोडं पुढे, शून्यापासून मोजत गेलं तर ६० व्या जागेवर, चार बाइटांत एक पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं की फाइलची खरी जात कळते. तिथे ‘पी-ई’ असेल तर प्रोग्राम ३२ किंवा ६४ बिटांचा. ‘एन-ई’ असेल तर तो १६ बिटांचा, म्हणजे विंडोज ३.१ च्या जमान्यातला. ६४-बिट विंडोज ‘एन-ई’ दिसताच हात वर करतं.

गंमत अशी की अनेक सीडींवर आतला प्रोग्राम ‘पी-ई’ असतो आणि सेटअप तेवढा ‘एन-ई’. त्या काळच्या कंपन्यांनी हे विचार करून केलं होतं. १९९५ ते ९८ च्या दरम्यान कुणाकडे विंडोज ९५ होतं, तर कुणी अजून विंडोज ३.१ वरच होते. ३२-बिट सेटअप ३.१ वर सुरूच झाला नसता. १६-बिट सेटअप दोन्हीकडे सुरू व्हायचा आणि ३.१ वाल्याला निदान नीट सांगायचा, की बाबा, याला विंडोज ९५ लागतं. सगळीकडे चालावा म्हणून जो मुद्दाम जुन्या पद्धतीने बांधला, तोच भाग आजच्या ६४-बिट विंडोजवर चालत नाही.

६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रामांना बाहेर का ठेवलं, याचं उत्तर सहसा ‘प्रोसेसरला जमत नाही’ असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एएमडीने २००३ साली बाजारात आणलेल्या ६४-बिट रचनेत डॉसचे प्रोग्राम चालवण्याची सोय असलेली एक खास अवस्था गळाली. ६४-बिट विंडोजवर शुद्ध डॉस प्रोग्राम थेट चालत नाही, तो त्यामुळे. पण १६-बिट विंडोज प्रोग्राम वेगळ्या पद्धतीने चालायचे आणि ती पद्धत या प्रोसेसरांत शिल्लक आहे. मायक्रोसॉफ्टने दिलेलं मुख्य कारण निराळं आहे: हँडल. खिडकी, फाइल, चित्र अशा प्रत्येक वस्तूसाठी विंडोज प्रोग्रामच्या हातात एक क्रमांक देतं, बँकेतल्या टोकनसारखा. १६-बिट प्रोग्रामच्या टोकनवर ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. ६४-बिट विंडोजमध्ये हे क्रमांक ३२ बिटांचे असतात. त्यांतले अर्धे बिट छाटून दिले तर टोकन कुणाचं तेच कळणार नाही. हे कारण खरं आहे, पण ही अडचण ओलांडता येते. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे, आणि ६४-बिट लिनक्सवर तो १६-बिट विंडोज प्रोग्राम चालवून दाखवतो. त्याच कोडच्या आधाराने बनलेलं ओटीव्हीडीएम नावाचं छोटं, मोफत साधन ६४-बिट विंडोजवरही हेच काम करतं.

मायक्रोसॉफ्टने एक पळवाट स्वतःही ठेवली आहे, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. त्या काळात इन्स्टॉलर बनवण्याचे दोन-तीन साचे सर्रास वापरले जात, त्यांतला मोठा साचा इन्स्टॉलशील्डचा. ६४-बिट विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं जिथे साठवतं तिथे, अशा काही १६-बिट साच्यांची यादी आहे: इन्स्टॉलशील्ड ५ आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा जुना अ‍ॅक्मे सेटअप. यादीतला इन्स्टॉलर सुरू झाला की विंडोज गुपचूप त्याच्या जागी आपल्याकडचा ३२-बिट अवतार चालवतं. दोन सीडी एकाच वर्षीच्या असूनही एक चढते आणि दुसरी चढत नाही, त्याचं कोडं पुष्कळदा इथे सुटतं. दुसरीचा साचा यादीत नसतो.

म्हणून नकाराची चौकट आली की आधी सीडीवरचे फोल्डर नीट पाहावेत. कधी कधी शेजारीच ३२-बिट सेटअप किंवा एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरची) फाइल पडलेली असते, आणि ती थेट चालवता येते.

कधी इन्स्टॉलर ३२-बिट असतो, सुरूही होतो, आणि मग ‘यासाठी विंडोज एक्सपी किंवा त्यापुढचं विंडोज लागेल’ म्हणून थांबतो. समोर तर विंडोज ११! इथे चूक इन्स्टॉलर लिहिणाऱ्याची असते. विंडोजच्या आवृत्तीला आतून दोन आकडे असतात. एक्सपीचे ५ आणि १. लिहिणाऱ्याने तपासलं, की पहिला आकडा ५ किंवा जास्त हवा आणि दुसरा १ किंवा जास्त हवा. वरवर बरोबर वाटतं. मग व्हिस्टा आलं, त्याचे आकडे ६ आणि ०. शून्य हे एकापेक्षा लहान, म्हणून व्हिस्टा ‘जुनं’ ठरलं! अशा चुका इतक्या होत्या, की विंडोज ७ ला आतून ७ म्हणायचं सोडून ६.१ म्हटलं गेलं. विंडोज ११ तर आजही आतून १०.० आहे. आणि मी नवं विंडोज ओळखतो, असं ज्या प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या नोंदीत, लिहून दिलेलं नाही, त्याला विंडोज १० आणि ११ आपली आवृत्ती ६.२ सांगतात, म्हणजे विंडोज ८ ची. ही सवय जुनी आहे. विंडोज ९५ देखील खरं तर ४.० होतं, पण जुन्या १६-बिट प्रोग्रामांना स्वतःची ओळख ३.९५ अशी करून द्यायचं.

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीचा टॅब दिसतो, तो याच कामाचा. तिथे ‘विंडोज एक्सपी’ निवडलं की विंडोज त्या प्रोग्राममध्ये आणि स्वतःमध्ये कोडचा एक पातळ थर सरकवतं. त्याला शिम म्हणतात. प्रोग्राम विचारतो, कितवं विंडोज? प्रश्न आधी शिमकडे जातो आणि उत्तर येतं, एक्सपी. हजारो जाणत्या प्रोग्रामांसाठी तर हे न विचारताच होतं. विंडोज फोल्डरमधल्या अ‍ॅपपॅच या फोल्डरात एक डेटाबेस असतो. कुठल्या नावाच्या, कुठल्या आवृत्तीच्या प्रोग्रामला कोणतं शिम लावायचं, ते त्यात नोंदलेलं आहे.

या कामामागे किती कष्ट आहेत, हे सिमसिटी या खेळाच्या किश्श्यावरून कळतं. त्या खेळात एक चूक होती: वापरून परत केलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजवर ती मेमरी तोवर कुणी घेतलेली नसायची, म्हणून चूक खपून जायची. विंडोज ९५ मध्ये ती लगेच दुसऱ्याला दिली जाई आणि खेळ कोसळे. चूक सरळसरळ खेळाची. पण गिऱ्हाईक म्हणणार, काल चालत होता, नवं विंडोज टाकलं आणि बिघडला. म्हणून विंडोज ९५ मध्ये अशी तजवीज केली, की सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन वापरणाऱ्याचं काम चालू ठेवणाऱ्या या अनाम प्रोग्रामरांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रोग्राम इन्स्टॉल होतो, पण पुन्हा उघडल्यावर केलेलं सेटिंग आठवत नाही, ही तक्रार वेगळी. तिचं मूळ २००७ च्या व्हिस्टात आहे. त्याआधी घरोघरी प्रत्येक जण अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचा आणि प्रोग्राम आपली डेटा फाइल बिनधास्त स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचे. व्हिस्टाने ती जागा बंद केली, व्हायरसच्या दृष्टीने ते गरजेचंच होतं. जुने प्रोग्राम एकदम मोडू नयेत म्हणून त्यांनी तिथे लिहिलेलं विंडोज दुसरीकडे वळवतं: युजरच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात. प्रोग्रामला वाटतं आपण नेहमीच्या जागी लिहिलं. पण एकाच पीसीवर दुसऱ्या युजरने लॉगिन केलं की त्याला तो डेटा दिसत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली कालची बिलं ‘गायब’ झाली, तर डेटा गेला म्हणून रडण्याआधी हा फोल्डर जरूर उघडून पाहा. आणि मुळातच असा प्रोग्राम टाकताना प्रोग्राम फाइल्स टाळून सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर द्यावा, निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

मोकळ्या जागेची तऱ्हा तर अजबच. शेकडो जीबी मोकळे असताना काही इन्स्टॉलर ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणतात. ते जागा ३२ बिटांच्या, उणे-अधिक चिन्ह असलेल्या आकड्यात मोजतात. त्यात २,१४,७४,८३,६४७ बाइटांच्या, म्हणजे जवळपास २ जीबीच्या, पुढे गेलं की आकडा उणे होतो. ३ जीबी मोकळे असतील तर त्यांना उणे १ जीबी दिसतात. १ जीबीचं एक छोटं पार्टिशन करून त्यात प्रोग्राम उतरवला की त्यांचं समाधान होतं.

इथपर्यंतच्या सगळ्या अडचणींना उपाय आहे. ड्रायव्हरपाशी, म्हणजे एखादं उपकरण विंडोजला जोडून देणाऱ्या कोडपाशी, मात्र भिंत लागते. साधा ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजमध्ये चालतो, कारण त्याच्यासाठी वेगळा कप्पा केलेला आहे. ड्रायव्हर त्या कप्प्यात राहत नाही, तो विंडोजच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये शिरतो, आणि ६४-बिट गाभ्यात ३२-बिट कोडला मुळीच प्रवेश नाही. शिवाय ६४-बिट व्हिस्टापासून ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. डाँगलवर, म्हणजे पीसीला लावायच्या किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर, चालणारी सॉफ्टवेअर अडतात ती इथेच. प्रोग्राम चढतो, पण डाँगलचा ड्रायव्हर चढत नाही, म्हणून प्रोग्राम ‘लॉक सापडलं नाही’ म्हणून बंद होतो. जुन्या सीडीवरच्या खेळांचंही तसंच. सेफडिस्क नावाचं कॉपीविरोधी कुलूप ज्या ड्रायव्हरवर चालायचं, तो असुरक्षित ठरला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तो घेतलाच नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने आधीच्या विंडोजमध्येही तो बंद केला. रीतसर विकत घेतलेले खेळ त्यामुळे अडकले, याचं वाईट वाटतं, पण गाभ्यातलं भोक उघडं ठेवणं त्याहून वाईट झालं असतं.

अ‍ॅपलने वाट वेगळी धरली. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनात ३२-बिट प्रोग्राम सरसकट बंद झाले. सिस्टिम आटोपशीर राहते हे खरं, पण त्याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली. मला विंडोजची ओझं वाहण्याची पद्धत जास्त माणुसकीची वाटते.

मराठी छपाईच्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. पेजमेकर ७ अ‍ॅडोबीने २००१ साली आणलं, त्यानंतर पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. पण त्यात जुळवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका हजारो सीडींवर आहेत. त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नाही. त्या वेळच्या मराठी फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि कुठला तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवायची. पुण्याच्या सी-डॅकची एक पद्धत, खासगी कंपन्यांच्या वेगळ्या. तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल आहे, पण प्रोग्राम आणि फॉन्ट दोन्ही नाहीत, तर मजकूर हातचा गेल्यातच जमा.

अशा ठिकाणी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्राममध्ये ३२-बिट विंडोज एक्सपी किंवा ७ टाकायचं आणि त्याच्या पोटात जुनं सॉफ्टवेअर. तिथे १६-बिट सेटअपही निमूट चालतो आणि ३२-बिट ड्रायव्हरही. यूएसबी डाँगल बाहेरून आतल्या विंडोजला जोडून देता येतं. प्रिंटर पोर्टचं जुनं डाँगल मात्र जवळजवळ नेहमी अडतं. कंपनी अजून चालू असेल तर यूएसबी डाँगल बदलून मागावं. या आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नये, त्याचे सुरक्षा अपडेट केव्हाच थांबले आहेत.

हे सगळं जुना पीसी भंगारात देण्याआधी करायचं असतं. सीडीच्या आयएसओ फाइल, म्हणजे हुबेहूब नकला, करून ठेवाव्यात, कारण घरी लिहिलेल्या सीडी काही वर्षांत वाचता येईनाशा होऊ शकतात. सिरियल नंबर, फॉन्टच्या फाइल आणि फॉन्टची नेमकी नावं त्याच फोल्डरात असावीत. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये एकेक पेजमेकर फाइल उघडून तिची पीडीएफ करावी, आणि मजकूर बाहेर काढून त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा. कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागा हमखास चुकवतात, तेव्हा प्रुफं मूळ छापील अंक शेजारी ठेवून वाचावीत.