तेल सांडलं १९७९ साली, मोजणी अजून चालूच

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची जमिनीखालची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल रानात पसरलं. पंपाने उपसून, माती काढून, काही जाळून बरंचसं हटवलं गेलं. तरीही जवळपास ४ लाख लिटर तेल वाळूत मुरलं आणि काही मीटर खालच्या भूजलावर जाऊन साचलं. १९८३ पासून अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था तिथे संशोधन करते आहे. तेलाने बिघडलेल्या भूजलावर नजर कशी ठेवायची, याबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा या एका जागेचा आहे.

तेल पाण्यावर तरंगतं, पण त्यातला थोडा भाग पाण्यात विरघळतो. चिंता असते ती मुख्यतः या विरघळलेल्या भागाची, कारण त्यात बेंझिन असतं. बेंझिनने कर्करोग होतो, म्हणून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. भूजल वाहत असतं, त्यामुळे विरघळलेल्या प्रदूषणाचा लांबट पट्टा प्रवाहाच्या दिशेने सरकत जातो. तो गाठायचा तर निरीक्षण विहिरी योग्य जागी हव्यात: एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे मूळचं स्वच्छ पाणी कसं होतं ते कळतं, आणि बाकीच्या खालच्या अंगाला. प्रवाहाची दिशा ठरवायलाही किमान तीन विहिरींतल्या पाण्याची पातळी लागते. जमिनीचा उतार पाहून अंदाज बांधणं धोक्याचं.

नमुना घेणं हे तर नाजूक काम. बेंझिन चटकन उडून जातं. म्हणून काचेची छोटी बाटली काठोकाठ भरतात, आत हवेचा एक बुडबुडाही राहू देत नाहीत. जिवाणूंनी वाटेतच बेंझिन खाऊ नये म्हणून बाटलीत थोडं आम्ल असतं आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. हे नीट झालं नाही तर अहवालात येणारा ‘आढळले नाही’ हा शेरा दिलासा देतो, पण खरा नसतो.

बेमिजीत एक मोठा उलगडा झाला. १९९६ पर्यंत विरघळलेला पट्टा साधारण २०० मीटरच पुढे गेला होता. भूजलाचा वेग पाहता तो कितीतरी लांब जायला हवा होता. त्याला रोखून धरलं होतं मातीतल्या जिवाणूंनी. ते तेलातले घटक खातात आणि त्यासाठी आधी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की वाळूच्या कणांवरच्या लोहसंयुगांवर भागवतात. तेही सरलं की मिथेन तयार होऊ लागतो. म्हणून जाणकार नुसतं बेंझिन मोजत नाहीत. ऑक्सिजन किती उरला, पाण्यात लोह किती उतरलं, मिथेन किती आहे, हे सगळं शेजारी शेजारी मांडून पाहतात. जिवाणूंचं काम कुठवर आलं आहे, ते त्या आकड्यांत दिसतं.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. वाळूतल्या लोहसंयुगांना नैसर्गिक अर्सेनिक चिकटलेलं होतं. जिवाणूंनी लोह विरघळवलं तसं ते अर्सेनिकही पाण्यात आलं. काही ठिकाणी ते लिटरमागे २३० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचलं, म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या २३ पट. ते तेलातून आलेलं नव्हतं, त्यामुळे तेलातलेच घटक शोधणाऱ्या तपासणीत ते दिसलंच नसतं. शिवाय तेल अर्धवट पचून जी नवी संयुगं बनतात, ती बेंझिनच्याही पुढे वाहत जातात. बेंझिन घटलं म्हणून तपासणी थांबवावी, असा निर्णय मला म्हणूनच पटत नाही.

बेमिजीची वाळू आणि महाराष्ट्रातला बेसाल्ट यांत फरक आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे खालच्या कातळात पाणी मुख्यतः भेगांमधून वाहतं. पेट्रोल पंपाची टाकी गळली तर जवळची बोअरवेल कोरी राहून लांबची बिघडू शकते, म्हणून विहिरी भेगांचा माग काढूनच खणाव्या लागतात. दुसरी बाब इथेनॉलची. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जिवाणूंना ते बेंझिनपेक्षा सोपं पडतं. आधी ते संपवताना ऑक्सिजनही खर्ची पडतो, मग बेंझिन अधिक काळ टिकतं आणि त्याचा पट्टा लांबतो. त्यातच उन्हाळ्यात पाणी खोल जातं तसं तेलही खाली उतरतं आणि पावसाळ्यात वर चढलेल्या पाण्याखाली कण-भेगांत अडकून पडतं. त्या दिवसांत विहिरीत तेलाचा थर दिसत नाही. त्यामुळे इथल्या विहिरींचं एक मोजमाप मे महिन्यात आणि दुसरं पाऊस सरल्यावर घ्यायला हवं, तेही सलग काही वर्षं.