खुलासा : बाळंतपणाची पगारी रजा फक्त सरकारी नोकरीत?

‘26 आठवड्यांची रजा सरकारी बायकांना. खासगीत, त्यातून कंत्राटी असाल तर विसरा.’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही तो खरा वाटतो, कारण तसा अनुभव आलेल्या बायका आसपास असतात. पण नियम तसा नाही.

1961 चा प्रसूती लाभ कायदा कारखान्यांना लागू होता. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना, ऑफिसांनाही. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवडे झाली, पुढच्यासाठी 12. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं, एवढीच अट. आणि ‘स्त्री’ म्हणजे थेट किंवा एजन्सीमार्फत, मजुरीवर ठेवलेली, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. म्हणजे कंत्राटी बाईही आली. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतलीय, आणि तिच्यातही या तरतुदी आहेत.

पडताळायचं कसं? आधी पगारपत्रक बघा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) 0.75 टक्के कपात दिसली, तर रजेचे पैसे त्या योजनेतून येतात, मालकाच्या खिशातून नाही. तिथली पात्रता भरलेल्या वर्गणीवर ठरते. कपात नसेल तर हजेरीचे दिवस मोजा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुपरवायझर होण्याच्या उंबरठ्यावर असलेली बाई ‘रजा मिळणारच नाही’ म्हणून राजीनामा देते, आणि वरच्या खुर्चीसाठी बाई उरतच नाही.