घरात सुरू झालेला सिनेमा: नाशिकच्या फाळके कुटुंबाची पार्श्वभूमी

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबईला पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय बघून आलो. आई, बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी. नाशिकरोडला सकाळच्या थंडीत पंचवटी एक्सप्रेस पकडली, तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, सिनेमा बघायचा तर आपल्याकडे थिएटर आहेत की. संग्रहालय कशाला?" गाडी कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत मी तिला जे सांगत होतो, तेच इथे जरा नीट मांडतो. नाशिककर म्हणून दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट आपल्या पोरांना आपण सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हटले जाणारे दादासाहेब, म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, शिळाछाप, ब्लॉक तयार करणं, देखावे रंगवणं, जे हाताला लागेल ते त्यांनी आत्मसात केलं. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, तर प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. जादूचे प्रयोगही करत, आणि त्यासाठी आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' झाले होते. हे ऐकून लेक खूश झाली आणि कल्याण येईपर्यंत तिने डब्यातल्या सगळ्यांची आडनावं उलटी केली. पण पडद्यावर देव प्रकट करायचे, अदृश्य करायचे, ही पुढची करामत याच हातांतून आली.

सिनेमा आपल्याकडे त्यांच्या आधीच आला होता. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. १८९९ साली सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ च्या मे महिन्यात झळकला. तरी आख्खी कथा, आपली माणसं, आपलं यंत्र आणि आपली धुलाई-छपाई, हे सगळं एका छपराखाली आणलं ते फाळक्यांनी. ते छप्पर त्यांच्या राहत्या घराचं होतं. माझ्या मते इथेच या गोष्टीचं मर्म आहे.

१९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले. सरस्वतीबाईंना, म्हणजे दुसऱ्या पत्नीला, बरोबर नेऊन त्यांनी दाखवलं की हे असंच आपल्या राम-कृष्णांचं करता येईल. मग एकामागून एक चित्रपट बघून बघून डोळे बिघडले, उपचार घ्यावे लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपट निर्मात्याच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र विकत घेतलं, आणि परत आले.

पैसा लावायला मात्र कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी पक्का ठेवून, ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत, महिनाभराहून अधिक काळ त्या रोपावर नजर ठेवली. तयार झालेली फिल्म चालवली की मिनिटभरात अंकुर जमिनीतून वर येऊन वेल होताना दिसे. या 'अंकुराची वाढ'वर भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

आता ते छिद्रांचं काम. कोडॅकची कच्ची फिल्म तेव्हा अखंड यायची, कडेला भोकं नसायची. भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दात्यांवर बसत नाही, आणि उजेड लागला तर फिल्म वाया. म्हणजे हे काम अंधारात, निव्वळ बोटांच्या अंदाजाने करायचं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला एका कडेला चार छिद्रं लागतात. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. हिशेब केला तर एका कडेलाच सव्वादोन लाखांच्या वर छिद्रं होतात, आणि कडा दोन. हे काम सरस्वतीबाई करत. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरण चालू असताना उजेड नटांवर परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री मुलं झोपली की अंधाऱ्या खोलीत फिल्म. रसायनं कालवायलाही त्याच शिकल्या. आमच्या शाळेच्या पुस्तकात फाळक्यांचं नाव होतं. सरस्वतीबाईंबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते तिशी उलटल्यावर, याचं मला आजही वाईट वाटतं.

दादरच्या बंगल्यात तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसमोर आला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कोणी बाई पडद्यावर यायला राजी नव्हती. रोहिदास म्हणजे फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

आणि त्याच वर्षी हे बिऱ्हाड नाशिकला आलं. गोदावरीचे घाट, देवळं, डोंगर, आजूबाजूचं रान: पौराणिक कथेला जे लागतं ते इथे दारात होतं, शिवाय त्र्यंबक जवळ. पुढचा चित्रपट 'मोहिनी भस्मासुर' इथलाच, आणि त्यात पहिल्यांदा बायका पडद्यावर आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, मोहिनी झाल्या कमलाबाई. दोघी सख्ख्या मायलेकी. हे सांगितल्यावर माझी आई लेकीकडे बघून नुसती हसली.

नाशिकचा कारखाना एकत्र कुटुंबासारखा चालायचा. नट, सुतार, रंगारी सगळे आवारातच राहत, पंगतीला बसत. १९१७ साली 'लंकादहन' आला, त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी मंदाकिनी म्हणूनच दिसते, चेहऱ्यावरचे नाना भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर असे काही डोळे फिरवते, की बघणारी मुलं हमखास नक्कल करायला लागतात.

भागीदारांशी पटेना म्हणून फाळके कंपनी सोडून काशीला गेले, परतले, पुन्हा चित्रपट केले. पण बोलपट आले आणि त्यांचा काळ सरला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक त्याहून कितीतरी नंतरचं. माझ्या वयाच्या नाशिककरांना ते मुख्यतः संगीत कारंज्यासाठी आठवतं.

मग शिल्लक काय राहिलं? फारच थोडं. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घ्यायची, आणि नाही पेटली तरी सडायची. तिच्यावर चांदीचा थर असे, तो काढून घ्यायला रिळंच्या रिळं रद्दीत गेली. देशात तेराशेहून अधिक मूकपट बनले, त्यांतले मोजके, तेही बरेचसे तुकड्यांनी, हाती आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे जुन्या फिल्म जपणारं फिल्म अर्काइव्ह, १९६४ मध्ये स्थापन झालं. तिथे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांना गाठून, तुकडे जमवून, जे वाचवता येईल ते वाचवलं. आज आपण फाळक्यांचं जे काही हलतं-चालतं बघतो, ते या माणसाच्या चिकाटीमुळे.

पेडर रोडचं संग्रहालय तर अगदी अलीकडचं, जानेवारी २०१९ मध्ये उघडलेलं. गुलशन महल ही एकोणिसाव्या शतकातली वास्तू आणि शेजारची नवी इमारत मिळून ते आहे. गुलशन महलात मूकपटांपासूनची वाटचाल, नव्या इमारतीत तंत्र आणि मुलांसाठी करून बघायच्या गोष्टी. जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका.

हे का म्हणतो, तर जुन्या प्रोजेक्टरपाशी आई थबकली आणि नातीला म्हणाली, "असलं आम्ही घरी करायचो." तिच्या लहानपणी फिल्मचे तुकडे पैशा-दोन पैशांना मिळत. गेलेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी भरायचं, ते झालं भिंग. दारात आरसा धरून उन्हाचा झोत आत घ्यायचा, दारं-खिडक्या लावून खोली अंधारी करायची, मधे फिल्मचा तुकडा धरला की समोरच्या भिंतीवर चित्र, आणि तेही उलटं. "म्हणून तुकडाच उलटा धरायचा," आई म्हणाली. मोठा भाऊ आरसा धरायचा, तिकीट काडेपेटीच्या छापांचं. माझ्या आईने ही गोष्ट मला चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

रात्री घरी आल्या आल्या लेक माळ्यावर चढली. एक जुना, तारेचा बल्ब सापडला. आरसा तर बाथरूममधला काढून ठेवलाच आहे. फिल्मचा तुकडा मात्र अजून कुठे मिळालेला नाही.