थंडी सरली तरी बर्फ सरकतोच

फोंडा-म्हापशाहून मनालीला किंवा सिक्कीमला निघालेल्या मंडळींची चौकशी ठरलेली असते: स्वेटर किती घ्यायचे आणि तिथे मासे मिळतील का. हिमस्खलनाबद्दल कोणी विचारत नाही. थंडी सरली की तो धोकाही सरला, असा आपला समज.

पण तारखा वेगळंच सांगतात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७९ साली बर्फाच्या दरडींनी दोनशेहून अधिक बळी घेतले, ते मार्चमध्ये. सिक्कीममध्ये गंगटोक-नाथू ला रस्त्यावर सात पर्यटक बर्फाखाली दगावले, ते ४ एप्रिल २०२३ रोजी. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते आणि माणसं पंधराव्या मैलावर बर्फात खेळत होती.

पश्चिम हिमालयात हिवाळाभर पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं, येत राहतात. दर वेळचा बर्फ आधीच्या थरावर बसतो, पण चिकटतोच असं नाही. मध्ये कुठेतरी साखरेसारखे सुटे कण राहतात. मार्च-एप्रिलमध्ये वरून ताजा बर्फ पडतो आणि लगेच कडक ऊनही पडतं. वितळलेलं पाणी झिरपत खाली जातं आणि थरांची पकड सुटते.

हे समजायला हिमालयात जायला नको. मालीमच्या जेटीवर बांगड्यांवर रचलेला चुरा बर्फ पाहा. अकराच्या उन्हात वरचा ढीग जसाच्या तसा दिसतो, पण क्रेटच्या तळातून पाणी ठिबकत असतं. क्रेट जरा कलंडला की अख्खा ढीग एकदमच घसरतो. डोंगरावर तो उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला की पुरतो. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, त्यामुळे भीतीदायक दिसणारा कडा पुष्कळदा कमी घातक.

याचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे सुरू झाला तो मुख्यतः सैन्यासाठी. १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था निघाली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्याच भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. हिमस्खलनाचे इशारे तिथूनच निघतात.

उंच खिंडी ओलांडणारे वाटाडे मात्र आधीपासून रात्री दोन-तीनलाच निघतात. रात्रीच्या गारठ्यात बर्फ घट्ट असतो, ऊन चढायच्या आत उतार पार करता येतो. ट्रेकला गेलेल्या गोंयकारांची सगळ्यात मोठी तक्रार नेमकी याच वेळेबद्दल असते.