लॉगिन न करणारं लॉगिन मॉड्यूल

गरज साधी होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बसलेल्या स्टोअरच्या माणसाने उद्यमनगरातल्या हेड ऑफिसच्या सर्व्हरवर आपल्या नावाने आत शिरायचं आणि चलन भरायचं. स्क्रीन स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या डेस्कटॉप खिडक्यांत, मागे ईजेबी, म्हणजे सर्व्हरवर चालणारे जावाचे घटक. या व्यवस्थेत 'लॉगिन' या एका शब्दाने जेवढा घोळ घातला, तेवढा पोर्ट, फायरवॉल आणि जार फायलींनी मिळूनसुद्धा घातला नसेल.

नाव-पासवर्ड तपासण्याचं काम प्रोग्रामच्या बाहेर काढून सुट्या मॉड्यूलांकडे द्यायचं आणि कोणतं मॉड्यूल चालवायचं ते फाईलमध्ये लिहायचं, ही कल्पना युनिक्सच्या जगातली, १९९५ची. तिथे तिला 'पॅम' म्हणत. जावाने ती 'जास' नावाने घेतली. जावा १.३ ला ते वेगळं जोडायचं पॅकेज होतं, २००२च्या १.४ पासून जावाच्याच पोटात आलं. ईजेबीचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९८चं. कोणत्या मेथडला कोणती भूमिका चालेल हे त्यात लिहिता येत होतं, पण दूरच्या क्लायंटने नाव-पासवर्ड सर्व्हरपर्यंत न्यायचा कसा, हे ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर सोडलेलं. पुढे २.० आवृत्तीत आयआयओपी या एका संवाद-प्रोटोकॉलपुरता तोडगा निघाला. आमच्या भागात तो वापरलेला मी तरी पाहिला नाही.

इथे ईजेबी चालवायला सर्व्हर असायचा तो जेबॉस ४, फुकट होता म्हणून. क्लायंटच्या फोल्डरमध्ये 'ऑथ डॉट कॉन्फ' ठेवायची, तिच्यात 'क्लायंटलॉगिनमॉड्यूल' पुढे 'रिक्वायर्ड' लिहायचं आणि जावा सुरू करताना त्या फाईलचा पत्ता द्यायचा. कोडमध्ये जासचा लॉगिन कॉन्टेक्स्ट बनवून लॉगिनची मेथड बोलवायची. एरर नाही, म्हणजे झालं लॉगिन. असं आम्हाला वाटायचं.

फाउंड्रीतून फोन आला, "साहेब, आत घेतंय की! पण चलन सेव्ह करताना बाहेर काढतंय." मी पासवर्ड विचारला. त्यांनी सांगितला तो मागच्या महिन्यातला होता. मग मी मुद्दाम नावाच्या जागी 'अबक' आणि पासवर्डच्या जागी 'कखग' टाकून पाहिलं. लॉगिन यशस्वी!

कारण ते मॉड्यूल काही तपासतच नव्हतं. दिलेलं नाव आणि पासवर्ड ते क्लायंटच्याच मेमरीत ठेवून द्यायचं. बीनवरची, म्हणजे सर्व्हरवरच्या ईजेबी घटकाची, मेथड बोलावली, की क्लायंटवरचा त्याचा प्रतिनिधी, प्रॉक्सी, ती जोडी त्या कॉलला चिकटवून पाठवायची आणि खरी तपासणी सर्व्हरवर व्हायची, 'लॉगिन-कॉन्फिग एक्सएमएल'मध्ये लिहिलेल्या दुसऱ्याच मॉड्यूलकडून. म्हणजे क्लायंटवरचं 'लॉगिन' हे पाकिटावर नाव लिहिणं होतं. पत्र स्वीकारायचं की नाही ते पोस्टात ठरणार.

या रचनेची बाजू घेणारे म्हणत, की क्लायंटवर विश्वास ठेवायचाच नसतो, मग तिथे तपासायचं कशाला? सर्व्हर प्रत्येक कॉल तपासणारच आहे, फुकटची फेरी वाचते. रचना म्हणून मला हे पटतं. पण त्याला लॉगिन मॉड्यूल म्हणणं मला आजही पटत नाही. ज्याने कोणी ते नाव ठेवलं, त्याने फाउंड्रीतला फोन कधी उचलला नसावा.

घोळ तेवढ्यावर थांबत नव्हता. मूळ सेटिंगमध्ये ती ठेवलेली ओळख अख्ख्या जेव्हीएमला, म्हणजे चालू असलेल्या जावाच्या एका प्रोसेसला, एकच असायची. एका पीसीवर एक माणूस असेल तर हरकत नाही. पण एका साखर कारखान्यात वजनकाट्याची स्क्रीन टॉमकॅट या वेब सर्व्हरवर होती आणि तो टॉमकॅटच जेबॉसचा दूरचा क्लायंट. दोन काट्यांवर दोन कारकून, जेव्हीएम एक. ज्याचं लॉगिन शेवटचं, त्याचं नाव दोघांच्या पावतीवर! हंगाम भरात असताना ते भांडण मिटवायला मी गेलो होतो. इलाज एका ओळीचा, 'मल्टी-थ्रेडेड इक्वल टू ट्रू'. त्यासोबत प्रत्येक रिक्वेस्टच्या शेवटी न चुकता लॉगआउट, कारण टॉमकॅट तेच ठरावीक थ्रेड पुन्हा पुन्हा वापरतो आणि त्या पूलमधला थ्रेड पुढच्या माणसाला मिळतो तेव्हा मागच्याचं नाव घेऊनच मिळतो.

सर्व्हरवर आणखी एक गंमत होती. एकदा तपासलेली जोडी तो १८०० सेकंद लक्षात ठेवायचा. डेटाबेसमधून नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं काढलं, तरी अर्धा तास तो आत असू शकायचा. आणि सिक्युरिटी डोमेनचं, म्हणजे तपासणी कोणत्या नोंदीने करायची तिचं, नाव चुकीचं लिहिलं तर तक्रार न करता 'अदर' नावाच्या नोंदीकडे वळायचं. मग लॉगमध्ये 'युझर्स डॉट प्रॉपर्टीज' सापडत नाही म्हणून रडगाणं, जी फाईल आपण कधी वापरलेलीच नसते.

जेबॉसच्या २०११च्या सातव्या आवृत्तीने हा संसार मोडला. १०९९, १०९८, ४४४४ या पोर्टांच्या जागी ४४४७ हे एकच आलं, ओळख कॉलऐवजी कनेक्शनला बांधली गेली आणि पासवर्ड उघडा पाठवण्याऐवजी डायजेस्टने, म्हणजे त्याच्या गणिती ठशाने, पटवायची सोय झाली. पण नाव-पासवर्ड एका प्रॉपर्टीज फाईलमध्ये लिहायचा! सर्व्हरने सर्व्हरशी बोलायला ते ठीक. स्टोअरच्या पीसीवर पाळीपाळीने तीन माणसं बसतात, त्यांचं काय? त्यावर पुढे स्कोप्ड कॉन्टेक्स्टची, म्हणजे प्रत्येकाची ओळख कोडमधून वेगळी देण्याची, मलमपट्टी आली. भर म्हणजे त्याच मशीनवरच्या क्लायंटला पासवर्डशिवाय आत घेणारी स्थानिक ओळखही होती. त्यामुळे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं चालायचं आणि शिरोलीत बंद पडायचं.

२०१४मध्ये जेबॉसला वाइल्डफ्लाय नाव मिळालं तेव्हा ४४४७ही गेलं, सगळं ८०८० मधूनच. हे मात्र मनापासून आवडलं. २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता आणि माणसं घरून कामाला लागली, तेव्हा जेबॉस ४च्या जुन्या आरएमआय पद्धतीने सर्व्हरला हाक मारणाऱ्यांच्या स्टबमध्ये (सर्व्हरकडून मिळणाऱ्या प्रतिनिधीत) ऑफिसच्या आतला आयपी लिहिलेला असल्याने लुकअप व्हायचा आणि कॉल लटकायचा. नव्यावाल्यांना एक पोर्ट उघडून भागलं.

२०१७च्या ११व्या आवृत्तीत एलिट्रॉन ही नवी सुरक्षा व्यवस्था आली, २०२१च्या २५व्या आवृत्तीत जुनी सुरक्षा काढूनच टाकली. आता ओळख कोडमध्ये ऑथेंटिकेशन कॉन्टेक्स्ट बनवून देता येते किंवा 'वाइल्डफ्लाय-कॉन्फिग एक्सएमएल'मध्ये लिहिता येते. 'लॉगिन' हा शब्दही त्यातून जवळजवळ गेलाय. कनेक्शन मात्र पहिल्या कॉललाच जोडलं जातं, त्यामुळे चुकीचा पासवर्ड कळतो तोही तेव्हाच. जेबॉस ४च्या काळात आम्ही सर्व्हरवर 'आहेसका' नावाची एक रिकामी मेथड ठेवली होती. ओके दाबल्यावर आधी तिला हाक मारायची, तिने ओ दिली तरच मेनू उघडायचा. ती मेथड मी नव्या कोडमध्येही तशीच उचलून आणली आहे.