भट्टीतला रस गोठू नये म्हणून

बेळगावच्या उद्यमबागेत माझे मामा एका फाउंड्रीत ओतकामाला होते. ते सांगायचे, क्युपोला भट्टीत बिडाचा रस गोठला की तो फोडूनच काढावा लागतो. २००८च्या शेवटी ऑर्डरी आटल्या, तीन पाळ्यांची एक पाळी झाली आणि मामा भर दुपारी घरी दिसू लागले. "बँक बुडाली अमेरिकेत, मग आमची कास्टिंगं का पडून आहेत?" असं ते विचारायचे.

१५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आता आतून पोकळ झालेली दुसरी बँक कुठली, हे कुणालाच कळेना. बँका एकमेकींना एका रात्रीपुरतेही पैसे देईनात. अर्थशास्त्रातला तरलता, म्हणजे पैसा खेळता असणं, हा शब्द फाउंड्रीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. रस थिजला की साचे रिकामे राहतात.

८ ऑक्टोबरला अमेरिका, युरो क्षेत्र, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकांनी एकाच दिवशी व्याजदर उतरवले. पण माझ्या मते खरी वाचवणारी गोष्ट होती चलनांची अदलाबदल, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. युरोपातल्या बँकांची बरीच देणी डॉलरमध्ये होती. त्यांची मध्यवर्ती बँक युरो छापू शकते, डॉलर कुठून आणणार? तेव्हा फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं तिला डॉलर दिले आणि तेवढ्याच किमतीचे युरो ठेवून घेतले. मुदत संपली की ठरलेल्या त्याच दरानं परतफेड, वर व्याज. मधे बाजारात डॉलर कितीही चढो. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर पतसंस्थेत सोनं ठेवून पैसे उचलतात, जवळपास तसंच हे. डिसेंबर २००८मध्ये अशी उचल ५८० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. १४ मध्यवर्ती बँकांना ही सोय मिळाली. त्यांत भारत नव्हता.

आपली मदार स्वतःच्या परकीय चलनाच्या गंगाजळीवर. रिझर्व्ह बँकेनं सहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो दर, ९ टक्क्यांवरून ४.७५वर आणला. बँकांना ठेवींतला जो हिस्सा तिच्याकडे ठेवावा लागतो, तोही ९ टक्क्यांवरून ५वर उतरवला. डिसेंबरात केंद्र सरकारनं उत्पादन शुल्क कमी केलं.

२ एप्रिल २००९ला लंडनमध्ये जी-२० देशांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ताकद तिप्पट, म्हणजे ७५० अब्ज डॉलर करायचं ठरवलं. आयातीवर नवे अडसर घालायचे नाहीत, हे वचनही तिथे दिलं गेलं. त्यात अधूनमधून पळवाटा निघाल्या, तरी मला ते फार मोलाचं वाटतं. १९३०मध्ये अमेरिकेनं आयातकर वाढवला, इतरांनी सूड उगवला आणि मंदी आणखी खोल गेली. ज्या गावाचं बीड दुसऱ्यांच्या पंपांत आणि इंजिनांत बसतं, त्याला याची झळ आधी लागते.

पुढच्या वर्षी मामांच्या फाउंड्रीत दुसरी पाळी सुरू झाली. कमी केलेल्या खानापूरकडच्या कंत्राटी पोरांना निरोप गेले. निम्मीच परत आली.